घर परवडत नाही, तर आमदार-खासदारांकडे मागायचं तरी काय? (बेळगाव, खानापूर, निपाणी)

रेशीम_वडगाव (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. वडगाव, खासबाग, शहापूरच्या गल्ल्यांत हल्ली एकच विषय कानावर येतो. पोराचं लग्न ठरलंय, पण वेगळी खोली नाही. विणकराच्या घरात पहिला मान मागाचा. पुढच्या खोलीत पॉवरलूम, मागे स्वयंपाक, वर पत्र्याचा माळा. भाड्यानं दुसरीकडे जावं म्हटलं तर घरमालक आधीच विचारतात, "माग आणणार काय? मग नको. आवाज होतो, भिंती हादरतात." म्हणजे आम्हाला राहायची जागा आणि पोटाची जागा एकदमच परवडावी लागते.

आता प्लॉटचा हिशेब बघा. बुडाची (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची) मंजुरी असलेला ३० बाय ४० चा प्लॉट, उदाहरणापुरता ३० लाखांचा धरू. मुद्रांक ५ टक्के, त्यावर सेस आणि सरचार्ज धरून शहरात ५.६ टक्के. नोंदणी फी ३१ ऑगस्ट २०२५ पासून १ टक्क्यावरून २ टक्के झाली. एकूण ७.६ टक्के, म्हणजे २ लाख २८ हजार रुपये. पायाचा दगड पडायच्या आधी एवढे गेले. ४५ लाखांपर्यंतच्या नव्या फ्लॅटला मुद्रांकात सवलत आहे, प्लॉटला नाही. पण विणकर फ्लॅट घेऊन करणार काय? तिसऱ्या मजल्यावर माग कोण लावू देणार?

हे दर बेंगळुरात ठरतात आणि तिथे आपले आमदार बसलेले असतात. तरी ते गल्लीत आले की आपण काय मागतो? "आश्रय योजनेत (गरिबांच्या सरकारी घरांच्या) नाव घाला", "पोराला एक घर द्या". शहरी आश्रय समितीचा अध्यक्ष आमदारच असतो, त्यामुळे मागणाऱ्याची चूक नाही. पण ज्याला आपण कायदे करायला निवडून दिलं तो घरांच्या यादीवर सह्या करत बसतो, आणि कायदा काय झाला हे आपल्याला सब-रजिस्ट्रारच्या खिडकीवर पैसे भरताना कळतं. हे मला फार लागतं.

म्हणून प्रश्न असा. शिक्षणाचा हक्क २००२ मध्ये ८६व्या दुरुस्तीनं घटनेत आला, कलम २१ अ. तसा घराचा हक्क घटनेत घाला, अशी मागणी आपण सीमाभागातून करावी का? केली तर कुणाकडे? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

खडेबाजार_वकील

चांगला धागा. जरा लांब लिहितो, कारण यात दोन-तीन गोष्टी एकमेकींत अडकल्यात.

घराचा हक्क घटनेत शब्दानं नाही, पण सर्वोच्च न्यायालयानं तो कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात वाचलाय. १९८५ मध्ये मुंबईच्या फुटपाथवासीयांचा ओल्गा टेलिस खटला झाला. तिथे उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरला, आणि माणूस जिथे राहतो तिथूनच तो कमावतो हे न्यायालयानं ओळखलं. ताई, तुमच्या मागाचा मुद्दा तोच आहे. पुढे १९९० च्या शांतिस्टार बिल्डर्स आणि १९९६ च्या चमेली सिंग या निकालांत निवारा हा हक्क असल्याचं आणखी स्पष्ट आलं. चमेली सिंग प्रकरणात तर निवारा म्हणजे डोक्यावर नुसतं छप्पर नव्हे, पुरेशी जागा, उजेड, हवा, पाणी, रस्ता हे सगळं त्यात धरलं.

शिक्षणाचं असंच झालं होतं. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन निकाल, २००२ मध्ये घटनादुरुस्ती, २००९ मध्ये कायदा आणि १ एप्रिल २०१० पासून अंमल. घराच्या बाबतीत गाडी निकालावरच थांबली. दुरुस्तीही नाही, हक्काचा कायदाही नाही.

आता कुणाकडे मागायचं. घटनादुरुस्तीचं विधेयक कलम ३६८ खाली फक्त संसदेतच मांडता येतं. राज्याच्या विधानसभेला ते सुरू करता येत नाही, ती फार तर ठराव करून केंद्राला पाठवू शकते. प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यसंख्येचं बहुमत, शिवाय हजर राहून मतदान करणाऱ्यांचे दोन तृतीयांश लागतात. मूलभूत हक्कांत भर घालायला निम्म्या राज्यांची संमती लागत नाही. सातव्या अनुसूचीतल्या याद्या (कुठला विषय केंद्राचा, कुठला राज्याचा) बदलायच्या असतील तर मात्र लागते.

कोणीही खासदार खासगी विधेयक आणू शकतो, शुक्रवारचा वेळ त्यासाठीच असतो. पण १९७० नंतर एकही खासगी विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर होऊन कायदा झालेलं नाही. तरीही ते आणलं की सरकारला उत्तर द्यावं लागतं आणि चर्चा कागदावर येते. एवढ्यासाठी का होईना, खासदाराला सांगायला हवं.

आणि मुख्य गाठ अशी की जमीन हा विषय राज्य सूचीत आहे, नोंद १८. हक्क दिल्लीत लिहिला तरी त्याला लागणारी जमीन, एनए (शेतजमीन बिगरशेती करायची परवानगी), लेआउट, मुद्रांक हे सगळं बेंगळुराच्या हातात राहणार.

पुण्यातला_बेळगावकर

वकीलसाहेब, सगळं मान्य. पण मूळ दुखण्याचं नाव कोणीच घेत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण म्हैसूर राज्यात ढकललो गेलो नसतो, तर हे कागद आपल्याला आपल्या भाषेत वाचता आले असते. घटनेत बदल मागायचाच तर सीमाप्रश्नाचा मागा. बाकी आपोआप येईल.

खडेबाजार_वकील

दादा, सीमाप्रश्नाला घटनादुरुस्ती लागतच नाही. कलम ३ खाली संसद साध्या बहुमतानं राज्यांच्या सीमा बदलू शकते. संबंधित विधानसभांचं मत मागवावं लागतं, ते बंधनकारक नाही. कलम ४ स्पष्ट सांगतं की असा कायदा ३६८ खालची दुरुस्ती मानायचा नाही. म्हणजे कायद्याच्या वाटेनं पाहिलं तर बेळगाव महाराष्ट्रात घालायला घराच्या हक्कापेक्षा कमी मतं लागतात. अडलंय ते राजकीय इच्छेवर, आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या महाराष्ट्राच्या दाव्यावर.

त्या लढ्याशी माझं भांडण नाही. आमच्या घरातले लोक त्यात तुरुंगात गेलेत. पण निकाल लागेपर्यंत आणखी एक पिढी पत्र्याच्या माळ्यावर काढणार का, एवढंच विचारतो.

शिनोळी_नाका

मी सीमेच्या पलीकडे, चंदगड तालुक्यात राहतो. कामाला रोज बेळगावच्या उद्यमबागेत येतो. तेव्हा दोन्हीकडचं बघून सांगतो, महाराष्ट्रात आपोआप काही येत नाही.

आमच्याकडे शेतजमीन घ्यायला शेतकरी असल्याचा दाखला लागतो. शिवाय १९४७ चा तुकडेबंदी कायदा. गुंठा-दोन गुंठ्यांची खरेदी वर्षानुवर्षं नोंदच होत नव्हती, लोकांनी नोटरी करून घरं बांधली. २०२५ मध्ये सरकारनं त्यात सूट दिली. तुमच्याकडे कर्नाटकानं २०२० मध्ये भूसुधारणा कायद्यातली ७९ अ आणि ७९ ब ही कलमं काढून टाकली, आता शेतकरी नसलेलाही शेतजमीन घेऊ शकतो. दोन राज्यं, दोन उलटे कायदे, आणि गरिबाला प्लॉट दोन्हीकडे बाँड पेपरवरच मिळतो. भाषेचा प्रश्न खरा आहे, पण घराचा प्रश्न सीमा ओलांडली म्हणून सुटलेला मी पाहिलेला नाही.

येळ्ळूर_शिवार

सगळ्यांचं वाचूलोय. एक विचारतो, राग मानू नका. तुम्ही घर मागूलाय, ते बांधणार कुठल्या जमिनीवर ते सांगा की.

येळ्ळूर, मजगाव, अनगोळ, जुने बेळगाव, हलगा हा सगळा काळ्या-तांबड्या मातीचा पट्टा. इथलं भात, इथला बासमती म्हणून बेळगावचं नाव. हलगा-मच्छे बायपासला शेतकऱ्यांनी पिकात उभं राहून विरोध केला, कोर्टात गेले, ते काय हौस म्हणून? आमच्या आज्यानं १९७४ च्या कूळ कायद्यात फॉर्म ७ (कुळाचा मालकीसाठीचा अर्ज) भरून ही जमीन मिळवली. तेव्हाचे मुख्यमंत्री देवराज अरसांनी कसणाऱ्याला मालक केलं. तोच कायदा २०२० मध्ये मोकळा केला, आणि आता शिवारात पहिल्यांदा येतो तो एजंट. त्याच्याकडून पैसे घेऊन दोन वर्षांत संपवलेली घरं माझ्या गल्लीत आहेत.

घराचा हक्क घटनेत घाला, जरूर घाला. पण मालमत्तेचा हक्क १९७८ च्या ४४व्या दुरुस्तीनं मूलभूत हक्कातून काढला हे पण लक्षात ठेवा. आता तो कलम ३०० अ मध्ये आहे, कायद्यानं जमीन घेता येते. उद्या "घराचा हक्क" म्हणून सगळ्यात आधी माझं भातशेत घेतलं तर? शहरवाल्यांच्या हक्काची किंमत शेतकऱ्यानं किती वेळा भरायची?

रेशीम_वडगाव

येळ्ळूरचे दादा, राग कसला. हा प्रश्न तुम्ही विचारला नसता तर धागा अर्धाच राहिला असता.

माझं म्हणणं असं आहे. शहराच्या आत किती जागा रिकामी पडून आहे, किती प्लॉट नुसते भाव चढायची वाट बघत कुंपण घालून ठेवलेत, हे आधी मोजायला हवं. कणबर्गीच्या बुडा स्कीमचं नाव आम्ही लहानपणापासून ऐकतोय. एकीकडे अशा स्कीमा वर्षानुवर्षं कोर्टकचेरीत अडकतात, दुसरीकडे शिवारात एका रात्रीत दगड रोवून "लेआउट" होतो. भातशेत जातं ते या दुसऱ्या प्रकारात, आणि त्यात घर घेणारा गरीबही फसतो, कारण एनए नाही, रस्ता नाही, गटार नाही.

इथे मला वाटतं खरी घटनेची गोष्ट येते. १९९२ ची ७४वी दुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. बाराव्या अनुसूचीत १८ विषय दिले. त्यात नगर नियोजन आहे, जमीन वापराचं नियमन आहे, झोपडपट्टी सुधारणा आहे. हे विषय महापालिकेकडे जावेत असा विचार. पण द्यायचे की नाही हे कलम २४३ डब्ल्यूनं राज्याच्या विधानसभेवर सोडलं. बेळगावात आजही नियोजन बुडाकडे, म्हणजे १९८७ च्या राज्य कायद्यानं तयार झालेल्या प्राधिकरणाकडे, ज्याचा अध्यक्ष सरकार नेमतं. आपण निवडून दिलेल्या ५८ नगरसेवकांना त्यात काय विचारतात?

आणि हे ५८ तरी कधी मिळाले? आधीच्या सभागृहाची मुदत २०१९ मध्ये संपली, निवडणूक सप्टेंबर २०२१ मध्ये. मुदत संपायच्या आत निवडणूक घ्या असं घटना सांगते. जिल्हा आणि तालुका पंचायतीचं त्याहून वाईट. २०१६ मध्ये निवडून आलेल्यांची मुदत २०२१ मध्ये संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षं निवडणूकच नाही. घटनेत आधीच लिहिलेलं पाळलं जात नसेल तर नवीन कलमाचं तेच होईल, ही भीती मला आहे. म्हणून नवीन हक्क आणि जुन्याची सक्ती, दोन्ही एकत्र मागावं असं माझं मत होत चाललंय.

निपाणी_फाटा

घर गेल्यावर काय होतं ते आमच्याकडे या आणि बघा. ऑगस्ट २०१९ चा महापूर. दूधगंगा, वेदगंगा, कृष्णा एकदम चढल्या. पाणी ओसरल्यावर अधिकारी आले आणि घरांना नुकसानीप्रमाणे ए (सगळ्यात जास्त), बी, सी (सगळ्यात कमी) अशी वर्गवारी लावली. पूर्ण पडलेल्या घराला सरकारनं ५ लाख जाहीर केले. पण मातीच्या घराची एक भिंत उभी राहिली तर ते "पूर्ण" पडलेलं नाही. ओल धरलेली ती भिंत पुढच्या पावसात पडली, तोपर्यंत यादी बंद. ज्यांचा उतारा आज्याच्या नावावर, वाटणी तोंडी, त्या भावांपैकी पैसे कुणाच्या खात्यावर?

त्या दिवसांत आमदारांनी धावपळ केली, ते नाकारत नाही. सगळ्यांचे फोन त्यांनाच. पण एखादं नाव ए यादीत बसवायला आमदाराचा फोन लागतो, याचा अर्थ हक्क नाहीच. हक्क असता तर त्या म्हातारीनं तहसीलदाराला लेखी विचारलं असतं आणि त्यानं लेखी उत्तर दिलं असतं.

कॉलेज_रोड

मला या मागणीचा उपयोग दिसत नाही, स्पष्टच लिहितो. दक्षिण आफ्रिकेच्या घटनेत कलम २६ मध्ये घराचा हक्क आहे. तिथल्या पत्र्याच्या वस्त्या गेल्या का? कागदावर हक्क लिहून विटा स्वस्त होत नाहीत. पुरवठा वाढवा, एनए सोपं करा, खिडकी एक करा. विषय संपला.

खडेबाजार_वकील

वस्त्या गेल्या नाहीत, बरोबर. पण तिथे २००० मध्ये ग्रूटबूम खटला झाला. न्यायालय म्हणालं, प्रत्येकाला लगेच घर द्या असं आम्ही सांगत नाही, पण सरकारचा कार्यक्रम वाजवी हवा आणि आज उघड्यावर पडलेल्यासाठी त्यात काहीतरी हवंच. पुरात घर गेलेल्या निपाणीच्या माणसाला एवढ्याचाच आधार हवा आहे. हक्कामुळे सरकारला कार्यक्रम कोर्टात येऊन समजावून सांगावा लागतो. आज योजना ही सरकारची मर्जी आहे. केंद्राची आवास योजना २०१५ ला आली, राज्याची बसव वसती घरकुल योजना आहे, उद्दिष्ट येतं, संपतं, हप्ता अडकतो. लाभार्थी विचारणार कुठल्या आधारावर?

पुरवठ्याचं तुमचं म्हणणं मात्र मी खोडत नाही. एनए म्हणजे भू-महसूल कायद्याचं कलम ९५, ते राज्याचंच आहे. आणि दुरुस्तीशिवायही पुष्कळ करता येतं. २०१६ चा रेरा (घर-प्लॉट विकणाऱ्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) संसदेनं साध्या कायद्यानं केला. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा प्रकल्प नोंदवावाच लागतो. ५ गुंठे म्हणजे ५०६ चौरस मीटर. म्हणजे आपल्या शिवारात २० गुंठ्यांत दगड रोवून विकणारा प्रत्येक जण रेराच्या कक्षेत येतो. जाहिरातीचा बोर्ड दिसला की नोंदणी क्रमांक विचारा. नसेल तर इसार देऊ नका.

खानापूर_रानवाट

आमच्याकडे अजून वेगळं. भीमगड अभयारण्यातल्या गावांत रस्ता, वीज, पक्कं बांधकाम, प्रत्येक गोष्ट वन खात्यापाशी अडते. जंगलात राहणाऱ्यांसाठी २००६ चा वनहक्क कायदा आहे, पण दाव्याचे कागद गोळा करताना माणूस थकतो.

आणि खासदाराकडे जायचं म्हणता, तर हे लक्षात घ्या. खानापूर विधानसभा कारवारच्या, म्हणजे उत्तर कन्नड लोकसभेत येते. निपाणी चिक्कोडीत. बेळगाव उत्तर, दक्षिण आणि ग्रामीण बेळगाव लोकसभेत. एका जिल्ह्यातला मराठी माणूस तीन खासदारांत वाटला गेलाय. एकालाच निवेदन देऊन फोटो काढला तर उरलेले दोघे मोकळे. तिघांनाही एकच मसुदा, एकाच आठवड्यात गेला पाहिजे.

पुण्यातला_बेळगावकर

हे पटलं. भाषेचा मुद्दा मात्र मसुद्यात हवाच. ई-स्वत्तूचा (ग्रामपंचायतीच्या ऑनलाइन मालमत्ता नोंदीचा) ९ नंबर, ११ नंबर, बी-खाता (अनधिकृत मालमत्तेची कर नोंद), ११ ई मोजणी नकाशा, सगळं कन्नडमध्ये. माझ्या काकांनी न वाचताच विश्वासावर सही केली, नंतर कळलं की कागदावरचं क्षेत्र भलतंच. कन्नड शिकायला कुणाचाच विरोध नाही, पण आयुष्याची कमाई ज्या कागदावर जाते तो समजून घ्यायची सोय हवी. भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमायचं कलम ३५० ब १९५६ च्या सातव्या दुरुस्तीनंच आलं, ज्या वर्षी आपण इकडे आलो त्याच वर्षी.

खडेबाजार_वकील

हे घालू. बी-खात्याबद्दलही एक ओळ घालू. २०२५ मध्ये कायदा दुरुस्त करून अनधिकृत वसाहतींतल्या घरांना बी-खाता द्यायचं ठरलं. त्यानं कर भरता येतो, पण बांधकाम अधिकृत होत नाही आणि कर्जाला बँका कुरकुरतात. त्याआधीची अक्रम-सक्रम (दंड घेऊन बेकायदा बांधकाम कायम करायची) योजना २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात थांबली. प्रत्येक वेळी चूक झाल्यावर दंड घेऊन पुढे ढकलायचं, असं किती दिवस चालणार, हे आमदारांना सभागृहातच विचारलं पाहिजे.

येळ्ळूर_शिवार

माझी एक अट घाला. घरासाठी जमीन घ्यायची तर आधी पडीक, सरकारी आणि शहरातली रिकामी, पिकाऊ जमीन सगळ्यात शेवटी. आणि घेतलीच तर शेतकऱ्याला विकसित प्लॉटमध्ये वाटा. हे लिहिलंत तर आमच्या गावातून सह्या मी आणतो.

रेशीम_वडगाव

तुमची अट पहिल्या पानावर घालते, दादा.

सगळ्यांचं वाचून मसुदा दोन भागांत करते. खासदारांसाठी: निवाऱ्याचा हक्क कलम २१ अ च्या धर्तीवर घटनेत यावा, बाराव्या अनुसूचीतले विषय महापालिकांना देणं राज्यांवर बंधनकारक व्हावं, आणि त्यासाठी प्रत्येकानं खासगी विधेयक मांडावं किंवा निदान प्रश्न विचारावा. आमदारांसाठी: लहान प्लॉटला मुद्रांकात फ्लॅटसारखी सवलत, बुडाच्या आराखड्यावर महापालिकेचं मत बंधनकारक, आश्रयची यादी वॉर्ड सभेत जाहीर वाचून, जिल्हा पंचायतीची निवडणूक, खरेदीच्या कागदांचा मराठी गोषवारा, आणि येळ्ळूरची अट. घर आणि माग एकत्र असलेल्या वस्तीला नियोजनात वेगळी तरतूद, हे माझ्याकडून. हिवाळी अधिवेशन सुवर्ण विधान सौधमध्ये आपल्या दारातच भरतं, तेव्हा आमदारांना गाठायला बेंगळूर गाठावं लागणार नाही.

एक शंका: लोकसभेच्या याचिका समितीकडे मराठीत अर्ज चालतो का?

खडेबाजार_वकील

चालतो. सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर लागतं आणि त्यावरही अर्जदाराची सही लागते. मराठी मसुदा तयार झाला की इथेच टाका, हिंदी मी करतो. खानापूर आणि निपाणीच्या प्रती वेगळ्या काढा, खासदार वेगळे असल्यामुळे नावं बदलतील.

निपाणी_फाटा

पुरातल्या वर्गवारीचा परिच्छेद मी लिहून देतो. सी यादीत अडकलेल्या घरांचे पंचनामे दाखवायला आमच्या गल्लीतली माणसं तयार आहेत, पण नावं झाकून जोडा.